ओसरी आणि परसदार

झोरा नील हर्स्टन हे नाव मराठी वाचकाच्या फारसे कानावर नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपली ओळख झाली ती मुख्यतः दलित साहित्याच्या चळवळीमुळे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. पुढे १९९३ साली टोनी मॉरिसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि तिकडच्या लेखिकांकडेही आपले लक्ष गेले. मात्र अशा थोर स्त्रियांचा गौरव बहुधा ‘पहिली’च्या यादीने होतो. पहिली पदवीधर, पहिली पारितोषिकविजेती, वगैरे. हर्स्टनबाईही त्या यादीत बसतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातून १९२८ साली पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. पण त्यांचे खरे कर्तृत्व या नोंदीत सापडत नाही. आपल्या माणसांच्या बोलीची त्यांना लाज वाटली नाही, हे ते कर्तृत्व आहे. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. तिची किंमत मात्र त्यांना आयुष्यभर मोजावी लागली.

जन्म १८९१चा, अलाबामा राज्यातला. बालपण गेले फ्लोरिडातील ईटनव्हिल या गावी. हे गाव १८८७ साली कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवले आणि स्वतःच चालवले. बाईंचे वडील काही काळ तिथले नगराध्यक्ष होते. गावातल्या दुकानाच्या ओसरीवर संध्याकाळी माणसे जमत, थापा मारत, एकमेकांवर कुरघोडी करत, जनावरांच्या नि देवाच्या गोष्टी सांगत. बाईंचे पहिले विद्यापीठ ते. आई लवकर गेली, शिक्षण तुटले. १९१७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, वय दहा वर्षांनी कमी सांगून त्या बाल्टिमोरला पुन्हा शाळेत दाखल झाल्या. पुढे बर्नार्डमध्ये फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी लोककथा गोळा करण्याची शिस्त घेतली आणि वही घेऊन त्या आपल्याच गावी परतल्या. ‘म्यूल्स अँड मेन’ (१९३५) हे त्या भ्रमंतीचे फळ. कथा तेवढी टिपून सांगणाऱ्याला बाजूला सारण्याची अभ्यासकी रीत त्यात नाही. कथेआधीची थट्टा, मध्येच कुणीतरी तोंड घालणे, ऐकणाऱ्याचा हुंकार, सगळे जागच्या जागी आहे. या कामासाठी पैसा देणाऱ्या श्रीमंत गोऱ्या बाईने करारच असा केला होता की जमवलेल्या सामग्रीवर हक्क आपला राहील. आपल्याच गावच्या गोष्टी दुसऱ्याच्या मालकीच्या, अशा अटीवर हे काम झाले.

त्यांची श्रेष्ठ कादंबरी ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ १९३७ साली आली. १९३६च्या अखेरीस हैतीत असताना सात आठवड्यांत त्यांनी ती लिहिली. कथानक जेनी क्रॉफर्ड या स्त्रीचे. गुलामगिरीत जन्मलेली आजी नातीला सुरक्षितता हवी म्हणून तिचे लग्न एका जमीनवाल्या प्रौढाशी लावते. त्याला सोडून जेनी जो स्टार्क्सबरोबर निघून जाते. जो गावचा नगराध्यक्ष होतो, दुकान घालतो, आणि बायकोला केसांवर फडके बांधून गल्ल्यामागे उभी करतो. ओसरीवर रंगणाऱ्या गप्पांत तिने तोंड उघडायचे नाही, हा त्याचा दंडक. जोच्या मृत्यूनंतर तिच्या आयुष्यात येतो तिच्याहून लहान असलेला टी केक. त्याच्याबरोबर ती शेतमजुरांत राबते, हसते, गोष्टी सांगायला शिकते. मग वादळ, पिसाळलेला कुत्रा, आणि स्वतःच्या जिवासाठी प्रिय माणसावर गोळी झाडण्याची वेळ.

कादंबरीत बसण्याच्या दोन जागा आहेत. पुढची दुकानाची ओसरी पुरुषांची. तिथे जेनीला बोलायला बंदी. दुसरी जागा तिच्या घराचे परसदार. सगळे संपल्यावर गावी परतलेली जेनी तिथे बसून आपल्या फीबी या मैत्रिणीला कहाणी सांगते. सबंध कादंबरी म्हणजे हे परसदारचे बोलणे. निवेदन सुरू होते ते सुघड, काव्यमय इंग्रजीत. पण हळूहळू त्यात जेनीच्या बोलीचे शब्द आणि हेल मिसळत जातात, आणि अमुक विचार लेखिकेचा की जेनीचा, हे सांगता येत नाही. बोली इथे संवादाला चव आणणारे तोंडीलावणे नाही; तिच्यात विचार करता येतो, हे बाईंनी सिद्ध केले.

आणि नेमके हेच त्यांच्या लोकांना खटकले. रिचर्ड राइट या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकाने त्याच वर्षी परीक्षण लिहून कादंबरीत ना आशय ना विचार, गोऱ्यांना हसवण्याचाच हा खेळ, असा ठपका ठेवला. राइट यांची भीती निराधार नव्हती. तोंडाला काजळी फासून, याच बोलीची टवाळी करून गोऱ्या नटांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक हसवले होते. पण टवाळखोर बोली वापरतात म्हणून आपण ती टाकायची, तर ती कायमची त्यांचीच होते. राइट यांना ओसरीवरचे हसू दिसले. परसदारी काय चालले आहे तिकडे त्यांनी कान दिला नाही, असे मला वाटते.

हा वाद आपल्या भागातल्या वाचकाला परका वाटू नये. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. शिकायला पुण्याला गेलेली मुलगी चार जणींचे हसू ऐकून महिन्याभरात ‘येते’, ‘जाते’ म्हणू लागते. सुट्टीत घरी आली की आजीशी बोलताना मात्र अडखळते. जेनीला मराठीत आणायचे तर कुठल्या मराठीत? प्रमाणभाषेत आणली तर ती शाळामास्तरीण होईल. नाटकातल्या ठरीव गावरान भाषेत आणली तर विनोदी पात्र. आजीच्या कानाला खरी वाटणारी बोली हाताशी असलेला अनुवादकच हे काम करू शकेल.

कादंबरी निर्दोष नाही. खटल्याच्या प्रसंगी जेनी न्यायालयात उभी राहते, पण तिचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. निवेदिका ते आपल्या शब्दांत सांगून मोकळी होते. ही उणीव अनेक समीक्षकांनी दाखवली आहे. न्यायालय ही जेनीची जागा नव्हे, तिची जागा परसदार, असा बचाव करता येतो. तो मला निम्माच पटतो. जिथे बोलीने बाजी मारायची तिथे ती मुकी राहते. टी केकने जेनीला मारले, तो प्रसंगही लेखिका फार सहज ओलांडून जाते.

‘बॅराकून’चा इतिहास तर याहून बोलका आहे. १८६० साली ‘क्लोटिल्डा’ या जहाजातून चोरट्या मार्गाने आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी कोसोला तेव्हा अलाबामात हयात होते. १९२७-२८मध्ये हर्स्टन त्यांना भेटल्या. पहिल्या भेटीवरच्या लेखात त्यांनी दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकातून बरेच उचलले होते, हे पुढे उघडकीस आले. हा डाग लपवण्यात अर्थ नाही. पण नंतर त्या महिनोन्‌महिने त्या वृद्धाजवळ बसल्या आणि १९३१ साली त्याच्याच मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुस्तक सिद्ध केले. भाषा सुधारून द्या, असे प्रकाशकाचे म्हणणे पडले. बाईंनी नकार दिला. पुस्तक छापले गेले २०१८ साली, लिहिल्यानंतर सत्याऐंशी वर्षांनी.

अखेरची वर्षे हलाखीत गेली. १९५० साली त्या मायामीत घरकामाची नोकरी करत होत्या. १९५५ साली त्यांनी शाळांतील वंशभेद रद्द करणाऱ्या निकालाविरुद्ध वृत्तपत्रात पत्र लिहिले. गोऱ्यांच्या शेजारी बसल्यावरच आमची मुले शहाणी होतात काय, हा त्यांचा सवाल. स्वाभिमानाचे हे टोक मला मान्य नाही; दुसऱ्या बाजूच्या दारिद्र्याचा हिशेब त्यात राहून गेला. पण ज्या मनाने बोली सोडली नाही त्याच मनातून हे पत्र आले, हे ध्यानात घ्यावे लागते. २८ जानेवारी १९६० रोजी फोर्ट पिअर्सच्या अनाथगृहवजा आश्रमात त्या वारल्या. वर्गणीतून अंत्यसंस्कार झाले. थडग्यावर दगड बसला नाही. त्यांचे कागद जाळले जात असताना पॅट्रिक डुव्हाल या पोलीस अधिकाऱ्याने आग विझवून वाचतील तेवढे वाचवले.

१९७३ साली अ‍ॅलिस वॉकर ही तरुण लेखिका झोराची भाची असल्याची थाप मारून रानमाजल्या स्मशानात शिरली आणि तिने तिथे दगड बसवला. त्यावरचे जन्मवर्ष १९०१, म्हणजे चुकीचे. बाईंनी शाळेसाठी मारलेली थाप तिथेही पोचली! पुढे वॉकर यांनी ‘द कलर पर्पल’ (१९८२) या कादंबरीत नायिकेची पत्रे तिच्याच अशुद्ध समजल्या जाणाऱ्या बोलीत लिहिली. १९८३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि बोलीबद्दल वाद तेव्हाही झाला. माझ्या मते हर्स्टनबाईंचे खरे स्मारक ही पत्रे आहेत. थडग्यावरचा दगड त्यानंतर येतो.