लाखाची गाडी

कोणत्याही वस्तूचे परीक्षण करायचे तर ती कशाशी तोलायची हे आधी ठरवावे लागते. टाटांच्या नॅनो गाडीबाबत आपण ते ठरवलेच नाही, अशी माझी तक्रार आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. पावसात एकाच स्कूटरवर चाललेले कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. म्हणजे तिची तुलना व्हायला हवी होती स्कूटरशी. केली गेली ती मोटारींशी.

रचना म्हणून ही पुण्यात आखलेली गाडी मी आजही उत्तम मानतो. लांबी अवघी ३.१ मीटर, म्हणजे मारुती ८०० हूनही आखूड. आत मात्र तिच्यापेक्षा ऐसपैस. हे साधले कसे? दोन सिलिंडरांचे छोटे इंजिन मागे नेले, चाके पार कोपऱ्यांत सरकवली. काचेला वायपर एकच, चाकाला नट तीनच. यात गैर काहीच नाही. पण एक काटकसर मला खटकते. पहिल्या नॅनोचे मागचे दार उघडतच नसे! सामान ठेवायचे तर मागच्या आसनाची पाठ पाडायची. दिवाळीला माहेरी निघालेल्या गृहिणीने फराळाचे डबे घेऊन ही कसरत करायची? ओढगस्तीच्या घरातही पाहुण्यापुढे कानतुटका कप कोणी ठेवीत नाही. नॅनोने नेमका तोच पुढे केला. उघडणारे दार आले २०१५ साली. तोवर गिऱ्हाईक निघून गेले होते.

मारुती ८०० चे नशीब निराळे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी दिली गेली, तेव्हा ती लहान होती, पण तिला ‘स्वस्त’ कोणी म्हटले नाही. नंबर लावून वाट पाहावी लागे. गाडी दारात आली की पेढे वाटले जात. नॅनोच्या कपाळी मात्र किंमतच लिहिली गेली. ‘लाखाची गाडी’ या बिरुदाने लाखाचे बारा हजार केले म्हणा ना! सर्वांत स्वस्त म्हणून ती विकणे चुकले, हे खुद्द टाटांनीही पुढे मान्य केले. सिंगूरहून साणंदला कारखाना हलवण्यात गेलेला काळ निराळाच.

तरी सारा दोष गिऱ्हाइकाच्या मिजाशीवर ढकलणे मला पटत नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने धडक-चाचणीत नॅनोला शून्य तारे दिले; त्याच वेळी आल्टो ८०० लाही तेवढेच. पुढे सुरक्षेचे नियम कडक झाले, २०२० पासून धुराचेही. ते हवेच होते. पण हवेची पिशवी लहान गाडीत बसवा की मोठ्या, खर्च फारसा बदलत नाही. लहान गाडीचे मात्र त्याने कंबरडे मोडते. मारुती ८०० २०१४ साली थांबली, नॅनो २०१८ मध्ये, आल्टो ८०० २०२३ मध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. बरे झाले, पण ज्याची ऐपत स्कूटरपुरतीच आहे त्याला पुढची पायरी अजूनही उंचच पडते. तो चौघांना घेऊन स्कूटरवरच जातो, आणि त्या स्कूटरला तारे द्यायला कोणी बसलेले नाही.