गाडीखालचे रंग

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर लोधीखेड्याच्या एखाद्या गॅरेजसमोर जुनी फियाट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली दिसली, की आपली नजर बॉनेटवर आणि दरवाजांच्या रंगावरच फिरते. रसिकाने मात्र थोडे वाकावे आणि चाकामागे पाहावे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 मध्ये ‘1100 डिलाइट’ म्हणून आलेल्या आणि पुढे पद्मिनी झालेल्या या गाडीच्या पोटाखाली पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, अशी साधी मांडणी आहे. आणि वर्षानुवर्षांचा ग्रीस-चिखल हलक्या हाताने धुतला, की त्या मांडणीतले रंग एकेक करून बोलू लागतात.

आधी काळाच घेऊ. दुरून सगळे एकच काळे वाटते. पण जवळ जाऊन पाहिले, की घडीव भागावर तप्त पोलादाने धरलेली निळसर खपली वेगळी, पातळ इनॅमलची मंद झिलई वेगळी, आणि फॉस्फेटच्या द्रावणातून निघालेल्या भागाचा मखमली करडेपणा तर अगदीच वेगळा. तो करडेपणा ज्या सूक्ष्म स्फटिकांचा, तेच तेल धरून ठेवतात आणि गंज लांबवतात. म्हणजे डोळ्यांना सुखावणारी ही छटा मुळात कामाचीच.

आता एक बोल्ट उचलून उन्हात तिरका धरू. झिंक प्लेटिंगवरच्या पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये सोनेरी रंगातून हिरवट, गुलाबी झाक सरकत जाते. आतले जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. अशा बोल्टाच्या जागी झगझगीत क्रोम बसवणे म्हणजे पैठणीला चमकीची झालर लावणे.

कॉइल स्प्रिंगवर कधीकधी रंगाचा एक निष्काळजी वाटणारा फराटा सापडतो. तो पुसू नये. स्प्रिंग दाबून, तिने पेललेला भार मोजून, तिचा गट ठरवल्याची ती खूण असते. दोन्ही बाजूंना एकाच गटाच्या स्प्रिंगा बसल्या, तरच गाडी समतोल उभी राहते. तो फराटा जसाच्या तसा पुन्हा ओढणाऱ्या पेंटरच्या हातात कारखान्यातल्या अनामिक तपासनिसाचा हात मिसळतो. आणि याच स्प्रिंगला हौसेने झिंक चढवायला जाणकार का बिचकतो, हेही समजून घेण्यासारखे आहे: आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक स्प्रिंग ठिसूळ होते.

पाट्यांचेही तसेच. खड्ड्यागणिक ते एकमेकांवर सरकतात, म्हणून त्यांच्यामधल्या जागेला पावडर कोटिंगचा जाड थर मानवत नाही, ग्रॅफाइट ग्रीसची काळी रेघच शोभते. किती झाकायचे आणि कुठे उघडे ठेवायचे, हा विवेकच जुनी गाडी मूळ रूपात आणण्याच्या कलेचा प्राण आहे. रंगसंगती त्याच्यामागून येते.

आपल्या अंगणात अशी गाडी उभी असेल, तर एवढे करा: सुटे भाग सँडब्लास्टिंगला धाडण्यापूर्वी बुशाखालची आणि वॉशरमागची झाकलेली जागा पाहा, तिथे मूळ रंग बहुधा टिकलेला असतो. त्याचा फोटो काढा, वहीत नोंद करा, आणि मगच प्लेटिंगवाल्याकडे जा.