दामाजीची पावती आणि ‘जागल्या’ हा शब्द

‘व्हिसलब्लोअर’ या संज्ञेसाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘जागल्या’ हा पर्याय स्वीकारला. पर्याय अर्थवाही आहे. परंतु त्याचा पूर्वेतिहास दुहेरी आहे. जागल्या गावाची राखण करी, तसाच गावातील हालचालींची खबर सरकारलाही देई. पाळत आणि जागर ही दोन्ही कार्ये एकाच शब्दात नांदत असतील, तर त्यांतील भेद कोठे शोधावयाचा?

या दृष्टीने मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) ती येते. दुष्काळात दामाजी सरकारी कोठारे रयतेला खुली करतो. हाताखालचा अधिकारी ती खबर बेदरच्या बादशहाला कळवितो. खबर खरी असते, तरीही कथेच्या न्यायाने ती चहाडीच ठरते. म्हणजे चहाडखोर आणि जागल्या यांतील भेद माहितीच्या सत्यतेवर नव्हे, तिच्या दिशेवर अवलंबून असतो. एकाची माहिती सत्तेकडे जाते. दुसऱ्याची सत्तेकडून लोकांकडे येते.

कथेतील चमत्कार सामान्यतः भक्तीचे फळ म्हणून वाचला जातो. विठ्ठल गावचाकरी करणाऱ्या विठू महाराच्या रूपाने दरबारात जातो, धान्याची किंमत भरतो आणि पावती घेतो. देवालाही कागद चुकत नाही! परंतु हिशेब चुकता झाल्यामुळे धान्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न विचारलाच जात नाही. दामाजी सुटतो, दरबाराचा अधिकार अबाधित राहतो. याच गावच्या कान्होपात्रेच्या कथेत तर पावतीही नाही. तिच्या रूपाची वार्ता बेदरला पोहोचते, बोलावणे येते, आणि तिच्या नकाराला पंढरपुरी मृत्यूतच आश्रय मिळतो.

चमत्काराची ही जागा आधुनिक काळात संविधानाने घ्यावयाची असते. १९६२ च्या अखेरीस खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी अवैध ठरविल्या, परंतु खासगीपणास मूलभूत हक्क मानले नाही. ती मान्यता २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात मिळाली. कान्होपात्रेच्या नकाराला असा आधार मिळाला. दामाजीच्या कृतीला मात्र तो तितका लाभला नाही. माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, पण त्याचा अंमल वर्षानुवर्षे रेंगाळला.

असे संरक्षण नसताना ‘जागल्या’ हा गौरवाचा शब्द वापरणे म्हणजे दामाजीला पुन्हा विठूच्याच भरवशावर सोडणे होय.