पडद्यावर परतलेलं लिडो

संगणकावरच्या गोल्फमध्ये खेळणाऱ्याच्याच हाती मैदान रचायची साधनं देण्याची रीत जुनी आहे. जॅक निकलसच्या नावाने 1990 मध्ये आलेल्या खेळात ती सोय होती. पुढे ‘लिंक्स’ मालिकेने अर्नोल्ड पामरच्या नावाचं रचनासाधन दिलं. 2014 पासून कॅनडातल्या एचबी स्टुडिओजच्या ‘द गोल्फ क्लब’ने ते इतकं हाताळायला सोपं केलं की हौशी रचनाकारांची मैदानं हजारोंनी जमली. त्यांतली माझी आवडती मैदानं दर वर्षी बदलतात, पण यादीतलं पहिलं नाव काही बदलत नाही. ते आहे शिकागोकडच्या पीटर फ्लोरी या हौशी रचनाकाराने ‘द गोल्फ क्लब 2019’ मध्ये उभं केलेलं लिडो. ज्यांनी गोल्फची काठी कधी हातात धरली नाही, त्यांनीही ते सावकाश फिरून पाहावं.

मूळ लिडो न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर होतं. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड आणि त्याचा अभियंता सहकारी सेथ रेनर यांनी ते रचलं आणि 1917 मध्ये ते खेळासाठी खुलं झालं. जागा म्हणजे निव्वळ दलदल होती. शेजारच्या खाडीतून सुमारे 20 लाख घनयार्ड वाळू उपसून ती भरली, आणि त्या वाळूवर एकेक उंचवटा, एकेक घळ हाताने घडवली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, नौदलाने ती जागा ताब्यात घेतली आणि मैदान संपलं. रचलेली जमीन निसर्गाची वाटावी म्हणजे काय, हे भोपाळकराला वेगळं सांगायला नको. आपला बडा तालाब पाहताना तो राजा भोजाच्या काळात बांध घालून साठवलेलं पाणी आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. कमला पार्कचा मातीचा बांध पायाखाली असतो, तरी नजर त्याला टेकडीच समजते. लिडोची खरी थोरवी हीच होती. त्यातलं तसूभरही आयतं मिळालेलं नव्हतं, आणि तरी खेळणाऱ्यांना तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा जुना माळ वाटायचा.

म्हणून फ्लोरीची निवडच मला मर्मज्ञ वाटते. संगणकाची कोरी पाटी आणि मॅकडोनाल्डची भरीव वाळू यांचं नातं सख्खं आहे. दोन्हीकडे जमीन आधी मनात असते, मग डोळ्यांसमोर येते. हल्ली बरेच हौशी रचनाकार लेझरने मोजलेली उंचसखलपणाची सरकारी माहिती थेट खेळात उतरवतात आणि वरून गवत अंथरतात. लिडोच्या बाबतीत मोजायला जमीनच उरली नव्हती. हाताशी होती ती जुनी छायाचित्रं, आकाशातून टिपलेली दृश्यं, आराखडे आणि तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवलेली वर्णनं. छायाचित्रातलं दृश्य आणि पडद्यावरचं दृश्य शेजारी शेजारी ठेवायचं, क्षितिज जुळेपर्यंत जमीन चढवायची-उतरवायची, पुन्हा पाहायचं. छायाचित्रात खोली नसते. ती सावल्यांवरून, कडांवरून, मागच्या टेकाडाने पुढचं किती झाकलंय त्यावरून वाचावी लागते. जीर्ण पोथीतलं गळालेलं अक्षर आजूबाजूच्या अक्षरांवरून लावावं, तसं हे पाठसंशोधन आहे, आणि त्यातला संयम प्रत्येक होलवर जाणवतो.

आता चौथ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहा. नाव ‘चॅनल’, पार पाच, म्हणजे ते पाच फटक्यांत संपावं अशी अपेक्षा. समोर पाणी आणि वाळवंट यांनी वेढलेली बेटासारखी एक फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताची वाट, आहे. दुसरी फेअरवे पाण्याला वळसा घालून जाते. बेटावर चेंडू टेकला तर दुसऱ्याच फटक्यात ग्रीन, म्हणजे ध्वजाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, आवाक्यात येतं. वळशाच्या वाटेने गेलात तर शिक्षा काही नाही, फक्त एक फटका जास्त. खेळात आकाशातून मैदान पाहण्याची सोय आहे. इथे ती आधी वापरू नका. वरून पाहिलं तर बेट ऐसपैस दिसतं. टीवरून तेच बेट पाण्यापलीकडे ओढलेल्या हिरव्या रेघेएवढं होतं, कारण सपाट नजरेला लांबी आखडून दिसते. मॅकडोनाल्डने भीती पाण्यात ठेवलेली नाही, ती नजरेच्या कोनात ठेवली आहे. इंग्लंडमधल्या लिटलस्टोनच्या एका होलवरून सुचलेली ही कल्पना फ्लोरीने टीची उंची नेमकी साधून पुन्हा जिवंत केली. ती उंची थोडी वाढली असती, तर सगळा धाक गळून गेला असता.

आठवं होल समुद्राला लागून आहे, नाव ‘ओशन’. पार तीन, पण लांबलचक. ही ‘बिआरिट्झ’ जातीची रचना आहे. फ्रान्समधल्या त्या गावच्या मैदानावरून हे नाव पडलं. तिची खूण म्हणजे ग्रीनला आडवी छेदून जाणारी खोल घळ. ध्वज मागच्या भागात असला की चेंडू उंच मारून थेट तिथे टाकणं अवघड जातं. तो अलीकडे उतरवून घरंगळत न्यावा लागतो. मग जे घडतं त्यासाठी हे होल खेळावं. चेंडू घळीत उतरतो आणि दिसेनासा होतो. क्षणभर ग्रीन रिकामं. मग पलीकडच्या चढावर तो पुन्हा डोकं वर काढतो आणि वेग हरवत हरवत वर येतो. घळ थोडी उथळ असती तर चेंडू दिसत राहिला असता, थोडी उभी असती तर परत वर आलाच नसता. या दोन चुकांमधल्या चिंचोळ्या जागेत हा उतार बसवलाय, आणि तो दर वेळी तितकाच सुखावतो.

सोळावं होल ‘रिडॅन’. मूळ वस्तू स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकला, पंधराव्या होलवर. जगात सर्वांत जास्त नकलल्या गेलेल्या होलांपैकी हे एक. ग्रीन खेळणाऱ्याला तिरपं असतं आणि पुढच्या उजव्या खांद्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरत जातं. पुढे डावीकडे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. ध्वजाच्या दिशेने सरळ मारणं म्हणजे बंकरला आमंत्रण. जाणकार चेंडू उजव्या खांद्यावर टाकतो आणि उरलेलं काम जमिनीवर सोपवतो. इथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. या खेळात जमिनीचा कडकपणा कमी-जास्त करता येतो. जमीन मऊ असेल तर चेंडू पडल्या जागी रुततो आणि रिडॅनचा प्राणच जातो. ती कडक ठेवा आणि मग पाहा: चेंडू खांद्यावर टप्पा घेतो, थबकल्यासारखा होतो, डावीकडे वळतो आणि उताराला लागतो. फटका आपला असतो, पण शेवटचं वळण मॅकडोनाल्डचं. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाबरोबर जोडीने खेळल्याचा हा आनंद दुसऱ्या कुठल्या मैदानाने मला दिलेला नाही.

अठरावं होल ‘होम’. याचा जन्मच कागदावरचा. ब्रिटनच्या ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकाने 1914 मध्ये दोन फटक्यांच्या आदर्श होलसाठी स्पर्धा घेतली. परीक्षकांत चार्ल्स डार्विनचा नातू आणि गोल्फवरचा नामांकित लेखक बर्नार्ड डार्विन होता. पहिलं बक्षीस अॅलिस्टर मॅकेन्झी या डॉक्टरला मिळालं. पुढे बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा नॅशनल रचणारा तो हाच. त्याच्या आराखड्यात ग्रीनकडे एकच राजमार्ग नव्हता. ज्याच्या मनगटात जितका जोर, तितकी धाडसाची वाट त्याला खुली होती. मॅकडोनाल्डने त्यावरून लिडोचं शेवटचं होल घडवलं. फ्लोरीच्या मैदानात हे होल लांबचा फटका मारणारा आणि जपून खेळणारा अशा दोघांनी लागोपाठ खेळावं. दोघांचे चेंडू वेगवेगळ्या बेटांवर पडतात, दोघांचे पेच वेगळे, आणि दोघांनाही ग्रीनवर पोचल्यावर आपलीच वाट रचनाकाराच्या मनात होती असं वाटतं. समोरच्या प्रत्येकाला हा दिलासा देणं हे फार मोठ्या रचनाकाराचं काम, आणि ते जसंच्या तसं पोचवणं हे मोठ्या वाचकाचं.

या कामाला पुढे जे फळ आलं ते कुठल्या हौशी मैदानाच्या वाट्याला क्वचितच येतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सँड व्हॅली इथे टॉम डोक या नामवंत रचनाकाराने लिडो पुन्हा प्रत्यक्ष जमिनीवर उभारलं. त्यासाठी फ्लोरीच्या मैदानाची माहिती उपग्रहाच्या मदतीने चालणाऱ्या बुलडोझरना समजेल अशा रूपात बदलली गेली, आणि यंत्रांनी खेळातले उंचवटे खऱ्या वाळूत कोरले. 2023 मध्ये ते मैदान खुलं झालं. तिथे एकच गोष्ट आणता आली नाही, ती म्हणजे समुद्र. विस्कॉन्सिन किनाऱ्यापासून फार दूर. त्यामुळे आठव्या होलशेजारी अटलांटिक हवा असेल, तर आजही पडद्यावरच्या लिडोलाच यावं लागतं. प्रत्यक्षापेक्षा प्रतिमा एका बाबतीत मूळच्या जास्त जवळ राहिली, हे या कथेतलं मला सर्वांत प्रिय असलेलं वळण आहे.

हौशी मैदानं पारखताना आपली नजर चटकन झाडांवर, फुलांच्या ताटव्यांवर, संध्याकाळच्या सोनेरी उजेडावर जाते. त्यात गैर काही नाही. चांगली सजावट हीही कलाच. पण लिडोवर झाडं जवळपास नाहीतच. वारा, वाळू, गवत आणि उतार एवढ्याच भांडवलावर ते अठरा होल खेळणाऱ्याला धरून ठेवतं. म्हणून ते नुसतं आवडतं मैदान न राहता माझ्यासाठी कसोटीचा दगड झालं आहे. या वर्षी कुणाही रचनाकाराचं नवं मैदान उघडाल तेव्हा आधी सजावटीपलीकडे पाहा आणि टीवर उभे राहून स्वतःला विचारा: इथून किमान दोन वाटा दिसतात का, आणि त्यांतली एक निवडताना दुसरीचा मोह सुटत नाही का? उत्तर हो असेल, तर तुमच्यासमोर जमीन रचणारा माणूस आहे. त्याचं नाव लक्षात ठेवा आणि त्याचं पुढचं मैदान आल्याबरोबर खेळा.