‘योगायोग’ : शब्द आणि वापर

‘योगायोग’ हा शब्द आपल्या घरोघरीं इतका रुळला आहे कीं, त्याच्या अर्थाविषयीं कोणास शंकाच येत नाहीं. बाजारांत जुना स्नेही भेटला तर योगायोग. मुलीचें लग्न जमलें तर योगायोग. आणि विद्यार्थी परीक्षेंत नापास झाला, तर ‘योग नव्हता’ म्हणून समाधान! तीन अगदीं निराळ्या गोष्टी एकाच माळेंत ओंवल्या जातात, आणि तेथेंच विचाराचा घोंटाळा सुरू होतो.

वस्तुतः ‘योग’ व ‘योगायोग’ हे शब्द एक नव्हेत. पंचांगांतील योग हा गणिताचा विषय आहे. भाद्रपद वद्य षष्ठीस मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात जुळून येणारा कपिलाषष्ठीचा योग कितीहि दुर्मिळ असला, तरी तो आधीं मांडून दाखवितां येतो. ‘योगायोग’ या शब्दांत मात्र योगाबरोबर ‘अयोग’हि आहे. घडलें तें न घडण्याचाहि तितकाच संभव होता, हें त्यांतील मर्म. कावळा फांदीवर बसावा आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ गळावें, अशा घटनेस संस्कृत पंडितांनीं ‘काकतालीय’ म्हटलें, तें याच अर्थानें. दोन्ही गोष्टींस आपापलें कारण असतें. परंतु एक दुसरीचें कारण नसते. बंगालींत हाच शब्द ‘संपर्क’ या अर्थीं वापरतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे मराठीनें त्यास दिलेली छटा किती स्वतंत्र आहे, तें कळून येईल.

ही छटा पारखून घेण्यास नगर जिल्ह्याशीं (आजच्या अहिल्यानगराशीं) निगडित असें एक चरित्र उपयोगी पडेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरास गेला. ते १८९३ सालीं आगगाडीनें राजनांदगांवास जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. श्रद्धावान मनुष्य या भेटीस ईश्वरी योजना म्हणेल, इतर योगायोग म्हणतील. दोघे एका डब्यांत बसले, हा योगायोग खरा. पण धर्मांतरहि योगायोगानें झालें असें म्हणणें टिळकांवर अन्याय करणारें आहे. मधल्या काळांतील वाचन, मनाची तळमळ आणि अखेरचा निर्णय हीं त्यांचीं स्वतःचीं होतीं. त्यानंतरची ताटातूट लक्ष्मीबाईंनीं सोसली व १९०० सालीं स्वतःहि बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारा कोणता वाचक या सोसण्यास योगायोग म्हणेल?

कथालेखकांसहि हाच दंडक लागू पडावा. नायक-नायिकेची पहिली भेट योगायोगानें झाली, तर वाचकाची हरकत नसते. परंतु शेवटीं सर्व पेंच हरवलेल्या लॉकेटानें किंवा अवचित आलेल्या तारेनें सुटला, कीं तो फसल्यासारखा होतो. कारण पात्रांनीं करावयाचें काम प्रसंगाकडून करवून घेतलेलें असतें.

आणि व्यवहारांत तरी निराळें काय आहे? चांगलें स्थळ अचानक कळलें, हा योगायोग. परंतु मुलीचें मन न विचारतां लग्न उरकावयाचें आणि संसार बिनसल्यावर ‘योगच तसा’ म्हणावयाचें, हा शब्दाचा दुरुपयोग होय. योगायोग हें भेटीचें नांव आहे. भेटीनंतर आपण जें केलें, त्याची जबाबदारी त्या शब्दावर टाकतां येणार नाहीं.