अलीचं सोंग, सेमराचं जळणं

१९८५ साली पश्चिम जर्मनीत एक पुस्तक निघालं. ‘गान्त्स उन्टेन’. म्हंजे अगदी तळाला. लेखक ग्युंटर वालराफ, अस्सल जर्मन पत्रकार. डोक्यावर काळा विग, डोळ्यांत काळ्या लेन्सा, नाव अली. दोनेक वर्षं तो तुर्की मजूर होऊन फिरला. डुइसबुर्गला थायसनच्या पोलाद कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली धूळ खाल्ली, पाळीवर पाळी केली. औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं अंग भाड्याने दिलं. छाती कायमची बिघडवून घेतली. काही महिन्यांत वीस लाखांच्या घरात प्रती खपल्या. देश हादरला.

मी ते इंग्रजी भाषांतरात वाचलं, एका बैठकीत. माणूस भोंदू नाही. लिहिलंय ते पोटतिडकीनं, आणि कंत्राटी मजुरीवर बोंबही उठली. पण प्रस्तावनेतल्या एका कबुलीपाशी मी अडकलो. तुर्की माणूस जर्मन कसा बोलतो, त्याची नक्कल वालराफने केलीच नव्हती. शब्दांची शेपटं तोडायची, वाक्य उलटंपालटं करायचं, नाहीतर आपली कोलोनची बोलीच जरा मोडून बोलायची. बस्स! तरी कुणालाच संशय आला नाही. त्याला याचं नवल वाटतं. मला नाही वाटलं. संशय यायला आधी कधीतरी खऱ्या तुर्काचं बोलणं कानावर घेतलेलं असावं लागतं.

वर्षं मोजा. ऑक्टोबर १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून मजूर मागवले. इस्तंबूलला दात बघून, छाती तपासून माणसं गाडीत भरली. नाव दिलं ‘गास्टआरबायटर’, पाहुणा-कामगार. (आपल्यात पाहुण्याच्या हातात फावडं देत नाहीत.) म्हंजे अली अवतरला तेव्हा ही माणसं वीसेक वर्षं शेजारीच राहत होती.

आणि ती मुकी नव्हती, मित्रांनो. सेमरा एर्तान ही तुर्की मजुरांची मुलगी. कील शहरात आईबापाकडे आली, दुभाषी म्हणून काम केलं, साडेतीनशेच्या वर कविता लिहिल्या. ‘माझं नाव परकी’ अशा अर्थाचं नाव असलेली तिची कविता १९८१ ची. मे १९८२ मध्ये तिने रेडिओ-टीव्हीवाल्यांना आधी कळवलं आणि हॅम्बुर्गच्या रस्त्यावर परकीयद्वेषाच्या निषेधात स्वतःला पेटवून घेतलं. दोन दिवसांनी मेली. पंचविशीतली पोरगी. तिच्या कवितांचं पुस्तक कधी आलं? २०२० साली. बहिणीने आणि भाचीने काढलं. अडतीस वर्षं! तिने जे स्वतःच्या नावाने सांगितलं, तेच तीन वर्षांनी विग घालून सांगितलं तर वीस लाख प्रती.

सहानुभूती की स्वानुभव, हा वाद आपण इथे घसा कोरडा होईस्तोवर घातला. तिकडेही तो चालू होता. फ्रांको बिओन्डी हा इटालियन आणि रफिक शामी हा सीरियन. दोघांनी १९८१ मध्ये लेख लिहून आपल्या लिखाणाला नाव दिलं: ज्यांना झळ लागली त्यांचं साहित्य. ‘गास्टआरबायटर’ हा शब्दही त्यांनी मुद्दाम उपरोधाने अंगावर घेतला. मग प्रस्थापितांनी काय केलं? वालराफचं पुस्तक आलं त्याच १९८५ मध्ये, जर्मन ही ज्यांची मायबोली नाही अशा लेखकांसाठी शामिसो पारितोषिक सुरू झालं. पहिलं आरास ओरेन या तुर्की कवीला. चांगलं झालं, पण कपबशी वेगळी ती वेगळीच. ते २०१७ साली बंद झालं.

बदल झालाच नाही असं म्हणणारा मी नाही. एमिने सेव्गी ओझ्दामार १९६५ मध्ये बर्लिनच्या कारखान्यात कामाला आली, तेव्हा तिला जर्मन येत नव्हतं. २०२२ मध्ये तिला ब्युश्नर पारितोषिक मिळालं. जर्मन साहित्यातलं हे सर्वांत मानाचं पान, आणि वेगळी पंगत नाही. ब्युश्नरच्या ‘वॉयझेक’मधला गरीब शिपाई चार पैशांसाठी डॉक्टरच्या प्रयोगाला अंग देतो. अलीने तेच केलं होतं. १८३७ सालचं लिखाण आहे ते!

पण ऐकण्याचं काय? २००० ते २००६ या काळात नऊ माणसं एकाच पिस्तुलाने मारली गेली. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. पोलिसांनी घरच्यांनाच चौकशीत पिळलं, तपासपथकाला नाव दिलं ‘बॉस्फरस’, वर्तमानपत्रांनी ‘डोनर-खून’ म्हटलं. डोनर म्हंजे तुर्कांच्या टपरीवर मिळतं ते खाणं. मे २००६ मध्ये कासेल शहरात मेलेल्यांच्या घरचे रस्त्यावर उतरले: दहावा बळी नको. २००७ मध्ये दहावा खून पडला, एका पोलीस बाईचा. मारणारे नाझी होते हे देशाला कळलं २०११ च्या नोव्हेंबरात, दोघे मारेकरी मेल्यावर.

मधल्या काळात, २००९ मध्ये, वालराफ पुन्हा निघाला होता. या वेळी कातडी काळी रंगवून, सोमाली बनून. त्याचा सिनेमा झाला. काळ्या जर्मन लोकांनी विचारलं, आम्ही इथे आहोत की, आम्हाला का नाही विचारलं?

हे विचारताना माझी मान खाली जाते. माझ्या फळीवर अली आहे, सेमरा नाही. तिचं पुस्तक जर्मन आणि तुर्कीत आहे, आणि मला दोन्हीतलं अक्षर कळत नाही. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणारं आपलं कुणी पोरगं-पोरगी असेल तर कळवा. परवानगीचं पत्र मी लिहितो. दहा कविता मराठीत आल्या तर पुढचा अंक तिचा.