साक्ष टिळकांची, साक्ष सूसाईची

ख्रिस्ती लोकांत 'साक्ष देणं' असा एक शब्द आहे. चारचौघांत उभं राहायचं आणि आपण काय मानतो, का मानतो, ते सांगायचं. मराठी साहित्यात अशी उघड साक्ष कुणी दिली, असं विचारलं की चार नावं निघतात : बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. चारही मोठी, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांत महारामांगाच्या घरातलं एकही नाव नाही. आणि नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये जाऊन बसले ते बहुतेक आपल्याच वस्त्यांतले. मग त्यांची साक्ष गेली कुठं? हा प्रश्न घेऊनच मी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलं.

मी साचेखात्यातला माणूस. समीक्षेचं शास्त्र शिकलेलो नाही. पण पुस्तक अस्सल आहे की बनावट, एवढं कळतं. 'स्मृतिचित्रे' अस्सल आहे. 1934 पासून ते भागाभागानं छापून आलं. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये. मधली पाच वर्षं म्हणजे या पुस्तकाचा गाभा आहे. नवऱ्याकडे परत आली तरी बाई सोवळं सोडत नाही. आणि मग एक दिवस स्वतःच विचार करते : माणूस देवानं केला, पण जाती कुणी केल्या? तिथंच सोवळं संपतं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे या बाईनं जात आधी टाकली आणि धर्म मागून घेतला. तिची खरी साक्ष चर्चमध्ये नाही, पाण्याच्या भांड्याशी झाली.

पांढरपेशा समीक्षक या पुस्तकावर खूप लिहितो. बाईंचा विनोद, बाईंचा निर्मळपणा, टिळकांचा विक्षिप्तपणा. पाण्याच्या भांड्याशी मात्र तो थांबत नाही. थांबला तर त्याला स्वतःच्या घरातल्या भांड्याकडे बघावं लागेल!

टिळकांनी सोसलं, हे खरं. घर तुटलं, नातेवाईक तुटले. पुढं 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत, न घेतलेलेही चालत. ख्रिस्त त्यांनी साहेबाच्या कोटातून बाहेर काढला, अभंगात आणि कीर्तनात आणला. हे काम मी लहान मानत नाही. पण ख्रिस्ती होऊनही टिळक 'टिळक' राहिले. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याचं चरित्र होतं. महार ख्रिस्ती झाला की मिशनच्या वहीत एक आकडा वाढतो आणि गाव म्हणतं, पोटासाठी गेला. दोघांनी एकाच देवाची साक्ष दिली, पण एकाची साक्ष साहित्य झाली आणि दुसऱ्याची संशय.

आता दुसरी साक्ष बघा. ती कोर्टातली आहे. मद्रासमध्ये सूसाई नावाचा माणूस रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचा. जन्मानं आदिद्रविड, धर्मानं ख्रिस्ती. सरकारनं अशा कारागिरांना फुकट टपऱ्या दिल्या, त्या अनुसूचित जातीच्या हिंदूंना. सूसाईला नाही. काम तेच, रस्ता तोच, जातही तीच. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1985 मध्ये हरला. कोर्टाचं म्हणणं असं, की ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहतो, हे पुराव्यानं दाखवलेलं नाही. म्हणजे गावानं जात विसरायची नाही, चर्चच्या बाकावरही ती विसरायची नाही, फक्त सरकारी कागदानं विसरायची!

घटनेचं पंचविसावं कलम धर्म उघड मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश म्हणतो, हिंदू नसाल तर अनुसूचित जातीत नाही. पुढं 1956 मध्ये शिखांना आत घेतलं, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. त्यामुळं आमच्या खात्यातल्या एका दोस्ताला दोन नावं आहेत, एक हजेरीपटावरचं आणि एक चर्चमधलं. त्याला 'भित्रा' म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. ज्याची साक्ष पोरांच्या फीवर घाला घालते, त्याच्याकडून टिळकांचं धैर्य मागायचा हक्क कुणाला?

बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला सोडलेलं नाही. धर्मांतर झालं तरी जात चर्चमध्ये शिरली आणि हा समाज अन्यायाविरुद्ध लढायला उठत नाही, ही त्यांची टीका आजही मिशनच्या दारावर लावण्यासारखी आहे. आपल्या आळीत रविवारी गायचं आणि सोमवारी गावकीपुढं गप्प बसायचं, याला मी साक्ष म्हणत नाही.

पण दोस्तांनो, आपणही जरा थांबून बघा. 1935 ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं उघड सांगितलं. 1956 ला नागपूरला लाखोंनी मोठ्या आवाजात बावीस प्रतिज्ञा घेतल्या. ती आपली साक्ष. केंद्राच्या सवलती हातात पडायला 1990 उजाडलं. तेवढी चौतीस वर्षं 'बौद्ध' लिहावं की जुनी जात लिहावी, हा घोर आपल्या घरांनीही भोगलाय. मग आज ख्रिस्ती महारमांगाला 'तो तिकडं गेला' म्हणून आपण कसे सोडतो?

मी बुद्धाच्या वाटेचा आहे. कुणी ख्रिस्ती व्हावं म्हणून हे लिहीत नाही. पण दोन नावं वागवणाऱ्या त्या माणसानं एका नावानं लिहावं, पाण्याचं भांडं, चर्चचं बाक आणि तहसीलदाराचा दाखला यांच्यासकट लिहावं, असं मला वाटतं. 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवायला तेच पुस्तक पाहिजे. आणि ते लिहिताना त्याचा दाखला जाणार असेल, तर त्या दाखल्यासाठीचा मोर्चा आपण काढायचा.

जयभीम.